थर्माकोलचे चंद्र

"पहिली रांग घेऊ नका," तारांगणातल्या घारपुरे बाई समजावून सांगत होत्या. "घुमटाखाली मागची रांग चांगली. पुढे बसलं की मान आखडते आणि अर्धं आकाश डोक्यामागे राहतं."

"जावई मागे बसत नाहीत," माई म्हणाल्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्यापुढे विज्ञान टिकलं नाही. आम्हां दोन्ही जावयांना, थोरल्या निरंजनरावांना आणि धाकट्या मला, सहकुटुंब पहिल्या रांगेत नेण्यात आलं. रविवार दुपारचा, कुटुंबांसाठी असलेला खेळ होता. मागच्या चांगल्या खुर्च्यांवर अनोळखी कुटुंबं भडंग खात ऐसपैस बसली होती आणि आमचा जो सन्मान चालला होता तो कौतुकानं बघत होती.

याला आता अकरा वर्षं झाली. निमित्त होतं तात्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. तात्या, म्हणजे माझे सासरे, ऐंशीच्या पुढे गेले होते आणि हिशेबानं त्यांच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेल्या होत्या. सकाळी घरी पूजा झाली, औक्षण झालं, चांदीचा चंद्र देवापुढे ठेवून झाला. एरवी एवढ्यावर भागतं. पण तात्या निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांनी मुलींची नावंसुद्धा नक्षत्रांवरून ठेवली होती, थोरली रोहिणी आणि धाकटी चित्रा. अशा माणसाला हजार चंद्र खरोखर दाखवावेत, अशी कल्पना पुढे आली.

ही कल्पना माझी होती, हे मला इथे नोंदवायचं आहे.

माझा मंडपाचा व्यवसाय आहे. लोंढे मंडप डेकोरेटर्स. अंगणात मंडप घालून त्याला थर्माकोलचे हजार चंद्र टांगायचे, असं मी ठरवलं होतं आणि तापलेल्या तारेनं कापायला सुरुवातही केली होती. दोनशे झाले. अंगाला, केसांना आणि आमटीला थर्माकोल चिकटून राहिलं होतं. तेवढ्यात पुण्याहून निरंजनरावांचा फोन आला. त्यांनी विज्ञान संग्रहालयाशी बोलणं करून ठेवलं होतं. खेळाच्या शेवटी घुमटभर एक हजार चंद्र उगवणार होते, खरेखुरे, डागांसकट.

माई म्हणाल्या, "निरंजनरावांचं डोकंच वेगळं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचेही छान होते हो."

'होते' म्हणाल्या. माझे दोनशे चंद्र तोवर भूतकाळात गेले होते.

पण माझा खरा हेवा चंद्रांचा नव्हता. तो आधीपासूनचा होता. निरंजनरावांचं स्थळ मुळात चित्रासाठी आलं होतं, माझ्या बायकोसाठी. हे मला लग्नानंतर महिन्याभरात, श्रीखंड वाढताना, गंमत म्हणून सांगण्यात आलं. रोहिणीताईला तेव्हा लग्नच करायचं नव्हतं, म्हणून धाकटीचं बघायला घेतलं होतं. पोहे झाले. मग तात्यांच्या पद्धतीप्रमाणे मुलाला गच्चीवर नेलं, तिथून लोखंडी शिडीनं पाण्याच्या टाकीवर. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तात्या टाकीवर नेऊन आकाश दाखवत. त्यातून ते काय तपासत कोण जाणे. तर निरंजनराव धाकटीला बघायला म्हणून वर गेले आणि खाली आले तेव्हा स्थळ थोरलीचं झालं होतं.

मधल्या वेळात काय झालं? नकार कोणी कोणाला दिला? हे कोणीच सांगत नसे. चित्राला विचारलं की ती म्हणायची, जाऊ दे रे, जुनं आहे. आता, तिनं त्यांना नाही म्हटलं असेल तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी तिला नाही म्हटलं असेल तर मी चार वर्षं त्यांनी नको म्हटलेल्या आयुष्यात राहत होतो. हा विचार मला दाढी करताना यायचा, त्यामुळे माझ्या हनुवटीवर तेव्हा कायम एखादी जखम असे.

त्यात आणखी एक. तात्यांनी मला कधीही टाकीवर नेलं नाही. आकाश दाखवणं राहू दे, मला ते नावानंही हाक मारत नसत. निरंजनराव 'जावईबापू' होते आणि मी 'मंडपवाले'. याचं कारण मी त्या घरात पहिल्यांदा मंडपवाला म्हणूनच गेलो होतो, रोहिणीताईच्या लग्नात. मी शिडीवर चढून बल्बच्या माळा बांधत असताना चित्रा स्टीलच्या पेल्यातून चहा घेऊन वर यायची. एका हातात पेला, एका हातानं शिडी. एक थेंब सांडायची नाही. बाकी सगळं त्यातूनच घडलं. तात्यांनी लग्नाला विरोध केला नाही. फक्त मांडवातसुद्धा म्हणाले, "या मंडपवाले, बसा."

तारांगणात थंडी मरणाची होती. माईंकडे सकाळच्या सत्कारातल्या शालींची चवड होती. त्यांनी ती सगळ्यांना वाटून टाकली, त्यामुळे आमचं कुटुंब शालीत गुंडाळून एका ओळीत बसलं. पलीकडच्या टोकाला तात्या आणि माई, मग निरंजनराव, रोहिणीताई मांडीवर लेकीला, सईला घेऊन, मग मी, मग चित्रा.

दिवे मंद झाले. घारपुरे बाईंनी खुर्च्या मागे पाडून आरामात आडवं व्हायला सांगितलं. सगळ्यांच्या खुर्च्या सुस्कारा टाकून मागे गेल्या. माझी गेली नाही. मी रेटली, ढकलली, तिला समजावलं. ती ताठच राहिली. अख्खं सभागृह आकाशाकडे बघत आडवं झालं होतं आणि मध्ये मी एकटा हजेरीला उभं राहावं तसा बसलो होतो. मला विश्वातलं फक्त 'बाहेर' असं लिहिलेला हिरवा दिवा दिसत होता.

"काय करतोयस, उदय?" चित्रा कुजबुजली.

"खुर्ची पडत नाही."

"भावोजींची कशी पडली?"

त्या तीन शब्दांचं मी काय करून घेतलं असेल ते सांगत नाही.

खेळ सुरू झाला. आपलं शहर दिसलं, एस. टी. स्टँड, नदीचा पूल, आणि मग ते सगळं सुटलं. म्हणजे आपण वर गेलो. जमीन पायाखालून ओढून घेतल्यासारखी खाली गेली, पूल काडीएवढा झाला, ढग आले, गेले. मागच्या रांगेतलं एक मूल आईला विचारू लागलं की आपली गाडी खाली राहिली का. सईनं भोकाड पसरलं. रोहिणीताई तिला उचलून, वाकून, अंधारात आमच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर गेली.

तिची खुर्ची रिकामी झाली. ती व्यवस्थित मागे पडलेली होती. निरंजनरावांच्या शेजारची खुर्ची चांगली असायचीच. मी शाल सावरली आणि त्या खुर्चीत सरकलो.

वर बघितलं. बांबूवर बसायची सवय असलेल्या माणसाला उंची नवी नाही. मी मजेत होतो. पृथ्वी पाठीमागे लहान होत चालली होती. एवढ्यात माझ्या शालीवर एक हात आला, चाचपडला आणि शालीसकट माझा हात त्यानं घट्ट पकडला.

"रोहिणी," निरंजनराव म्हणाले. "आलीस का?"

प्रश्न मला नव्हता.

"मला खाली घे," ते म्हणाले.

मी मान वळवून पाहिलं. चंद्राच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होते. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, दुसऱ्या हातानं खुर्चीची दांडी धरलेली. ज्या माणसानं ही सगळी व्यवस्था केली, संग्रहालयाला चंद्राचे आकार कळवले, तो माणूस चंद्राकडे जाताना डोळे मिटून बसला होता. त्यांनी हे पुण्यात कॉम्प्युटरवर पाहिलं असणार. कॉम्प्युटरवर चंद्र वीतभर असतो आणि टेबलावरून उठून जात नाही.

चार वर्षं मी अशा एखाद्या क्षणाची वाट बघत होतो. मला फक्त मोठ्यानं म्हणायचं होतं, 'निरंजनराव, घाबरलात की काय?' तेवढं वाक्य पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक मुंजीत पुरलं असतं. मी घसा खाकरायच्या बेतात होतो.

"हात सोडू नकोस," ते म्हणाले. "त्या दिवशी शिडीवर धरला होतास तसा धर."

मी खाकरलो नाही.

"तेव्हाही असंच झालं होतं. अर्ध्या शिडीवर. ना वर, ना खाली. तात्या वरून म्हणत होते या, जावईबापू, या. मी अजून जावई पण नव्हतो. चित्रा हसत होती वरून. तू खालून आलीस आणि हात धरून एकेक पायरी उतरवलंस. त्यानंतर मी कोणाला विचारणार होतो, सांग ना. नकार द्यायची, होकार द्यायची वेळच आली नाही कोणावर. खाली आलो ते तुझं नाव घेऊनच."

वर चंद्र जवळ येत होता. त्यावरचे खड्डे दिसू लागले होते.

"बोल की काहीतरी."

मी जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणालो, "हूं."

"एक कर. चित्राच्या नवऱ्याला कळू देऊ नकोस. चित्रानं त्याला अजून सांगितलेलं नाही, तिचे उपकार आहेत. तो माणूस बांबूवर बसून जेवतो, माहितीये ना. मंडपाच्या टोकावर उभा राहून फोनवर बोलतो. मी खालून बघितलं तरी माझ्या तळव्यांना घाम सुटतो. तो हसला तर चालेल एकवेळ. तो हसणार नाही आणि नुसता बघेल ना, ते नको."

मला अकरा वर्षांनंतरही या परिस्थितीसाठी योग्य चेहरा कुठला ते ठरवता आलेलं नाही. मी त्यांचा हात दाबला. त्यांनीही दाबला. आम्ही दोघं साडू हातात हात घालून चंद्रावर उतरलो.

मग अंधार झाला आणि घुमटाच्या कडेला एक चंद्र उगवला. मग दुसरा. मग ते लाह्यांसारखे फुटू लागले, दहा, पन्नास, शंभर, आणि बघता बघता सगळा घुमट चंद्रांनी भरून गेला. मागचं मूल म्हणालं, "आई, चंद्र फुटला." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पलीकडे तात्या बोट वर करून मोजू लागले होते. ते शिक्षकच.

घारपुरे बाईंचा आवाज आला. आज आपल्यात एक आजोबा आहेत, त्यांनी हजार पौर्णिमा बघितल्या, वगैरे. मग त्या म्हणाल्या की ही सुंदर कल्पना ज्या जावयांची, त्यांनी उभं राहून दोन शब्द बोलावेत. ज्या हिरव्या बाणानं त्या तारे दाखवत होत्या तो बाण पहिल्या रांगेवर उतरला आणि जावई शोधू लागला.

माझ्या हातातला हात बर्फासारखा झाला.

"नाही," निरंजनराव म्हणाले. "रोहिणी, मी उठलो तर पडेन. नाही."

बाण तात्यांच्या टोपीवरून सरकला, माईंच्या नथीवर चमकला आणि पुढे निघाला. पुढची खुर्ची निरंजनरावांची होती.

मी उभा राहिलो.

बाण उडी मारून माझ्या छातीवर आला. एक हात निरंजनरावांच्या ताब्यात होता, तो मी शालीखाली तसाच ठेवला आणि उरलेल्या हातानं नमस्कार केला. नमस्कार एका हातानं होत नाही, ते एखाद्या पुढाऱ्यानं लोकांना शांत करावं तसं दिसलं. लोक शांत झाले. आता बोलणं भाग होतं.

"तात्या," मी म्हणालो, "हजार चंद्र तुमचे. मोजून घ्या. कमी पडले तर दोनशे माझ्या गोदामात आहेत."

आणि खाली बसलो.

टाळी वाजली नाही. मागून कोणीतरी विचारलं, "हा कोण?" माईंनी हळू, पण घुमटाखाली सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "धाकटे."

दिवे लागले. निरंजनरावांनी डोळे उघडले. आधी हाताकडे बघितलं, मग शालीकडे, मग शालीच्या वरच्या टोकाला मी होतो तिकडे. त्यांनी हात लगेच सोडला नाही. लगेच सोडला असता तर धरला होता हे कबूल करावं लागलं असतं. मी छताकडे बघत राहिलो. छत आता पांढरं आणि रिकामं होतं.

बाहेर डायनासोरच्या सांगाड्याखाली चहा आणि बटाटेवडे ठेवले होते. माझ्याभोवती आपोआप मोकळी जागा तयार झाली. माई चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या, तो माझ्यापाशी आला, थबकला आणि वळून डायनासोरच्या शेपटीकडे गेला. रोहिणीताई सईला घेऊन परत आली तेव्हा तिला तीन जणांनी एकदम सांगितलं की मी काय केलं. ती माझ्याकडे बघून नुसती दुःखी झाली.

चित्रा आली. तिला राग आला की ती फार हळू बोलते.

"ते त्यांनी केलं होतं," ती म्हणाली. "महिनाभर फोन करत होते ते. आणि तू उभा राहिलास?"

"हो."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते दहा पावलांवर, डायनासोरच्या पुढच्या पायाला टेकून, पांढरं पडून उभं होतं.

"तुला इतका हेवा वाटतो त्यांचा?"

"वाटतो," मी म्हणालो. हे खरं होतं, म्हणून सांगायला सोपं गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी जुळत नाही असं तिच्या चेहऱ्यावर आलं, पण तेवढ्यात तिला वडे वाटायला बोलावलं. ती गेली आणि निरंजनराव माझ्याकडे आले. आम्ही दोघं थोडा वेळ सांगाड्याच्या बरगड्या बघत उभे राहिलो. मग हातातला चहाचा कप माझ्या हातात दिला. त्यांचा स्वतःचा होता, अर्धा प्यालेला. बशीही दिली. आणि परत जाऊन पायाला टेकून उभे राहिले.

"मंडपवाले," तात्यांनी हाक मारली. "इकडे या."

ते खिडकीशी बाकावर बसले होते, खांद्यावर शाल, गळ्यात सकाळचा हार. मी शेजारी बसलो. बोलणी खायची तयारी होती.

"निरंजन अडकला ना?" त्यांनी विचारलं.

मी चहाकडे बघितलं.

"नाही सांगणार तुम्ही. नका सांगू. चित्रानंही शिडीचं कधी कोणाला सांगितलं नाही." त्यांनी गळ्यातला हार सारखा केला. "मी एकच खुर्ची सोडून होतो. दातांचा आवाज येत होता. मला वाटलं हीटर लावलाय."

मग माझ्या तोंडून ते निघालंच.

"तात्या, तुम्ही मला कधी टाकीवर नेलं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नकाशात श्रीलंका न सापडणाऱ्या मुलाकडे ते तीस वर्षं असंच बघत आले असतील.

"तुम्हांला कशाला न्यायचं? रोहिणीच्या लग्नात माळा बांधायला तीन दिवस टाकीवरच होतात की. चहा वर कोण पाठवत होतं?"

"माई."

"माईला शिडी कुठे आहे ते तरी माहिती आहे का? मी पाठवत होतो. दर खेपेला चित्राच्या हातानं. घरात दुसरी माणसं नव्हती असं नाही. वीस पाहुणे नुसते बसून होते."

मी कप बशीत ठेवला. तो वाजला.

"निरंजन त्या दिवशी उतरला ना," तात्या म्हणाले, "तेव्हा चित्रा मला म्हणाली, तात्या, माणूस चांगला आहे, ताईला शोभेल. मला मात्र शिडी चढणारा बघा. आता असा मुलगा कुठे शोधायचा? जाहिरातीत काय लिहायचं? मी वर्षभर विचार करत होतो. आणि तुम्ही तर शिडी घेऊनच आलात."

समोर चित्रा वड्यांची थाळी घेऊन उभी होती आणि अजून माझ्याकडे रागानं बघत होती. मी तिच्याकडे बघून हसलो. त्यामुळे राग वाढला.

"ते थर्माकोलचे आहेत ना अजून?" तात्यांनी विचारलं.

"आहेत. दोनशे."

"उद्या आणा. टाकीवर लावू." मग त्यांनी मान वळवून डायनासोरच्या पायाशी उभ्या असलेल्या थोरल्या जावयाकडे बघितलं आणि हाक मारली, "जावईबापू, उद्या थांबा. उदयराव वर चढतील. तुम्ही खाली शिडी धरा."